गुलमर्गच्या परातीत पाच दिवस

पहिला दिवस: साखळ्या, गमबूट आणि पायी फेरी

आम्ही स्की शिकायला काश्मीरमधल्या गुलमर्गला निघालो होतो. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा, म्हणजे तंगमर्गपासून वरचे, फेब्रुवारीत वेगळाच रस्ता असतो. साधी गाडी तंगमर्गलाच थांबते. पुढे चारही चाकांना जोर असलेली किंवा चाकांवर लोखंडी साखळ्या चढवलेली गाडी लागते. आमच्या चालकाने कडेच्या बर्फात गुडघे टेकले आणि दहा मिनिटांत साखळ्या बांधल्या. पहिल्या वळणाच्या आधी पुन्हा खाली उतरून त्याने त्या ताणून बघितल्या, कारण थोडं अंतर गेलं की त्या सैल पडतात.

तंगमर्गच्या बाजारात गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची तेवढ्याने सोय होते. स्की शिकायला आलेल्यांनी मात्र इथे पैसे घालवू नयेत. स्कीचे बूट वरच मिळतात आणि तो लांब कोट पडल्यावर पायात अडकतो. त्यापेक्षा पाणी न शिरणारी पँट आणि जलरोधक हातमोज्यांचे दोन जोड घरूनच आणावेत. जीन्स तर नकोच. पहिल्या तासाभरात ती भिजते आणि मग दिवसभर अंगाला थंडी चिकटून राहते.

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना चढतानाही धाप लागते, म्हणून त्या दुपारी स्की बांधायची नाही, पायी फिरून फक्त उतार बघायचे. आख्ख्या सहलीतलं सगळ्यात मोलाचं काम या दुपारी झालं, असं मला वाटतं.

गुलमर्गचं कुरण परातीसारखं आहे. कडा चहूबाजूंनी आत उतरतात आणि मधोमध गोल्फचं मैदान, हिवाळ्यात पांढरं आणि सपाट. नवशिक्याला हा आकार सांभाळून घेतो. उतार निवडताना लोक माथ्याकडे बघतात: किती उंच, किती तीव्र. थांबता न येणाऱ्या माणसाचं काय होणार हे मात्र पायथा ठरवतो. उताराच्या शेवटी वीस-तीस मीटर सपाटी असेल, आणि तीही किंचित वर चढणारी असेल, तर माणूस काहीही न करता आपोआप थांबतो. मग भीती कमी होते, अंग सैल पडतं आणि शिकणं सुरू होतं.

त्या दुपारी चार उतार पाहिले. पहिला एका हॉटेलच्या मागे होता. दिसायला सौम्य, पण पायथ्याशी घोड्यांची आणि स्लेजची वाट आडवी जात होती, म्हणून तो बाद. दुसऱ्याला मध्ये फुगवटा होता, त्यामुळे वरून पायथा दिसतच नव्हता. खाली कोणी पडलेलं असलं तर ते कळणार कसं? तिसरा दगाबाज. समोरून सरळ वाटतो, पण ढाळ एका कुशीला. मुठीएवढा बर्फाचा गोळा सोडला तर तो सरळ खाली न जाता डावीकडच्या झाडांकडे गेला. अशा उतारावर शिकणाऱ्याचा एकच पाय सतत राबतो आणि तो झाडांच्या दिशेने घसरत राहतो.

चौथा पसंत पडला. साधारण सत्तर मीटर लांब, तीसेक मीटर रुंद, झाड नाही, खांब नाही, खाली मोकळं मैदान. बर्फावर काठी उताराच्या दिशेने आडवी ठेवायची आणि तिच्यावर फोन ठेवून त्यातल्या पाणसळीच्या ॲपने कोन वाचायचा. खालच्या निम्म्या भागात पाच-सहा अंश भरले, वर नऊ-दहा. युरोपात सोप्या, म्हणजे निळ्या मार्गाची तीव्रता साधारण २५ टक्क्यांपर्यंत असते. कोनात सांगायचं तर चौदा अंश. अगदी पहिल्या दोन दिवसांना तेवढाही नको. सहा अंशांवर सरळ घसरणं आणि दहा अंशांवर ब्रेक लावणं, एवढं पुरे.

उतारालगत चहाची टपरी होती. केशर आणि बदामाचे काप घातलेला कहवा पिता पिता तिथल्या एका वयस्कर उस्तादांना विचारलं, की शिकायला सगळ्यात चांगली जागा कोणती? त्यांनी फेरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी अंगरख्याच्या, आतली कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) सरकवत हनुवटीने आमच्याच उताराकडे खूण केली. "जहाँ यहाँ के बच्चे सीखते हैं, वहाँ जाइए." खरंच, तंगमर्गकडची सात-आठ पोरं तिथे खेळत होती. त्यांच्या पायांत लाकडी फळ्यांच्या घरी बनवलेल्या स्की होत्या.

दुसरा दिवस: दुकानात पाऊण तास, सपाटीवर दोन तास

भाड्याच्या दुकानात घाई केली तर त्याची शिक्षा दिवसभर भोगावी लागते. आधी बूट. मापाचा आकडा सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे पाऊल सव्वीस सेंटिमीटर असेल तर २६ किंवा २६.५. आतलं मऊ अस्तर काढून, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे एक ते दोन बोटं जागा राहिली की माप बरोबर. अस्तर घालून उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की थोडी मागे येतात. ते तसंच असायला हवं. मोजे एकच जोड. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर घडी पडते, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. बकल लावताना आधी घोट्याचं आणि नडगीचं, पंजावरचं शेवटी आणि हलकं.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी छाती ते हनुवटीपर्यंत. त्याहून लांब स्की वळत नाही.

त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा चाप, आणि इथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्या खिडकीत एक आकडा दिसतो. किती जोर बसला की बूट सुटावा, हे त्यावरून ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून तो लावायचा असतो, म्हणून वजन खरं सांगायचं. आमच्या शेजारी एक पर्यटक "जरा टाइट कर दो, निकल ना जाए" म्हणत होता. पडल्यावर स्की सुटली नाही तर पिळ गुडघ्याला बसतो. आम्हाला मिळालेल्या एका जोडीत डावा-उजवा आकडा वेगळा होता आणि दुसरीत बूट बसल्यावर टाचेकडे खडखडत होता. दोन्ही परत देऊन नीट लावून घेतल्या. शेवटची तपासणी ब्रेकची: बूट काढला की स्कीच्या दोन्ही बाजूंचे दांडे टपकन खाली यायला हवेत. ते आले नाहीत तर सुटलेली स्की उतारावरून एकटीच धावते आणि खालच्या माणसाला लागते. हेल्मेट दुकानदार आपणहून देईलच असं नाही, मागून घ्यावं.

शिक्षकाशी तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: दरात साहित्य धरलं आहे का, तास किती, आणि एका शिक्षकामागे माणसं किती. चारपेक्षा जास्त नकोत. आम्हाला मिळालेला शिक्षक विशीतला होता. त्याने पहिले दोन तास उताराला हातही लावू दिला नाही. एकाच पायात स्की घालून मैदानात गोल गोल चालायचं, मग पाय बदलायचा. कंटाळवाणं वाटतं, पण त्यातूनच एका पायावर तोल धरायची सवय लागते आणि पुढचं प्रत्येक वळण त्या सवयीवर उभं असतं.

स्की बांधताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने झाडायचा. नखाएवढा थर राहिला तरी बाइंडिंग खट करून बसत नाही, आणि अर्धवट बसलेली पहिल्याच धक्क्याला निघते. उतारावर बांधताना दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवायच्या आणि आधी खालच्या बाजूची घालायची. वर चढताना तसंच आडवं राहून जिन्यासारखी एकेक पायरी. पडायचंच असेल तर कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला. मागे बसायचं नाही, काठ्यांचे पट्टे मनगटाला पिळायचे नाहीत.

दुपारी पाच-सहा अंशांवर सरळ घसरणं झालं. सगळ्यांची चूक एकच. भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मग स्कीच्या टोकांवरचा भार जातो आणि ती आणखी सुसाट सुटते. शिक्षक दर फेरीला ओरडत होता, "घुटना आगे! जूते की ज़बान को दबाओ!" म्हणजे नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. सह्याद्रीत उतरताना आपल्याला मागे भार टाकून टाच रोवायची सवय असते, त्यामुळे जुन्या ट्रेकरना हे उलट शिकायला जरा जास्त वेळ लागतो.

रात्री हॉटेलात बुखारीभोवती, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीभोवती, राजमा-भात आणि हाक या काश्मिरी पालेभाजीची पातळ भाजी. बुटांची अस्तरं काढून बुखारीपासून हातभर लांब ठेवली. जवळ ठेवली तर ती आकसतात आणि सकाळी पाय आत जात नाही.

तिसरा दिवस: रात्रभर बर्फ

सकाळी खिडकी अर्धी बुजलेली. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळी वादळांमुळे, इथे बर्फ पडतो. ते आले नाहीत तर ऐन हंगामातही गवत दिसतं. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना गुलमर्ग कोरडं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून नवशिक्यांनी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा आणि शक्यतो तारीख बदलता येईल असंच आरक्षण करावं.

गंडोलापाशी, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेपाशी, परदेशी स्कीपटूंची रांग लागली होती, चेहरे उजळलेले. त्यांच्यासाठी भुसभुशीत ताजा बर्फ म्हणजे सण. नवशिक्यासाठी तोच अडथळा, आणि त्याला कारण आहे. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागच्या शेपट्या एकमेकींपासून लांब करून, ज्याला सगळे 'पिझ्झा' म्हणतात, तो ब्रेक कठीण पृष्ठभागावर कड घासून लागतो. गुडघाभर भुशात स्की बुडते, शेपट्या बाहेर ढकलताना सगळा बर्फ ढकलावा लागतो, ताकद संपते आणि एक स्की अडकली की माणूस तिच्याभोवती पिळला जातो. सुटलेली स्की बर्फाखाली गेली तर शोधायला अर्धा तास मोडतो.

उपाय जुना आहे: उतार तुडवायचा. शिक्षक, त्याचे दोन मित्र आणि सगळे शिकणारे आडवे उभे राहून खांद्याला खांदा लावून पायथ्यापासून माथ्यापर्यंत जिना चढल्यासारखे गेले, परत तसेच खाली. तीन फेऱ्यांत पंधरा मीटर रुंदीचा पट्टा तयार झाला. पाऊण तास लागला आणि त्यातच आडवं चढणं सगळ्यांना पक्कं जमलं.

आभाळ भरलेलं असल्यामुळे प्रकाश सपाट होता, सावल्या नाहीत, खड्डा आणि उंचवटा सारखेच पांढरे. अशा दिवशी काळ्या काचेचा चष्मा निरुपयोगी, पिवळी किंवा नारिंगी काच हवी. तुडवलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना काठ्या रोवल्या, तेव्हा कुठे अंदाज येऊ लागला.

दुपारी भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेकडे चक्कर झाली. १९६० मध्ये भारताच्या पर्यटन खात्याने ऑस्ट्रियाचे स्कीपटू रुडॉल्फ मॅट यांना हिवाळी खेळांसाठी जागा निवडायला बोलावलं. त्यांनी गुलमर्ग निवडलं आणि १९६८ मध्ये ही संस्था उभी राहिली. ब्रिटिशांचा स्की क्लब तर इथे १९२७ पासून होता. सलग आठवडा-दहा दिवस हाताशी असतील तर खासगी शिक्षकापेक्षा अशा संस्थेचा निवासी अभ्यासक्रम घ्यावा. रोज तोच शिक्षक, तोच गट आणि क्रमाने वाढत जाणारे उतार मिळतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमही असे वर्ग घेतं. जागा लवकर भरतात, त्यामुळे पावसाळा संपतानाच चौकशी सुरू करावी.

संध्याकाळी नून चाय. गुलाबी, खारी, सोडा घालून उकळलेली. बरोबर तिळाची चोचवोर, म्हणजे तिथली रोटी. गोड चहाची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट चकवतो. दिवसभर घाम गाळल्यावर मीठ गेलेलं असतं, त्यामुळे दुसरा कप आपणच मागतो.

चौथा दिवस: सकाळची फरशी, दुपारचा शिरा

रात्री आभाळ मोकळं झालं आणि पारा कोसळला. आदल्या दिवशी तुडवलेला आमचा पट्टा सकाळी नऊला फरशीसारखा कडक झालेला, टाच मारली तर खूणही उमटेना. भाड्याच्या स्कीच्या कडा बोथट असतात, त्या अशा बर्फात धरत नाहीत. खरखर आवाज येतो आणि पिझ्झा कितीही रुंद केला तरी वेग कमी होत नाही. इथे ब्रेक लागत नाही म्हणून अनेकजण स्वतःला दोष देतात. दोष वेळेचा असतो.

म्हणून थांबलो. पावणेअकराला ऊन पट्ट्यावर आलं आणि अर्ध्या तासात वरचा थर बोटभर मऊ झाला. दुपारी अडीचनंतर तोच बर्फ ओल्या शिऱ्यासारखा जड होतो, स्की धरून ठेवतो, आणि थकलेले गुडघे तेव्हाच पिळवटतात. अकरा ते दोन ही नवशिक्यांची वेळ. परातीचा फायदा इथेही होतो: पूर्वेकडे तोंड असलेल्या कडेला ऊन आधी येतं, पश्चिमेकडे तोंड असलेल्या कडेला दुपारी. सकाळी एक, दुपारी दुसरी, असं फिरत राहिलं तर मऊ बर्फ जास्त वेळ मिळतो.

पुढच्या पायरीसाठी शिक्षकाची कसोटी साधी होती: बर्फात हातमोजा टाकायचा आणि सलग पाच वेळा त्याच्या अलीकडे थांबून दाखवायचं. ज्यांना जमलं ते उतारावरून ओढत वर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टकडे, बाकीचे तिथेच. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. लिफ्टने माणूस जेवढा वर जातो, तेवढं त्याला उतरावंच लागतं.

ड्रॅग लिफ्टवर बसायचं नसतं, हे कोणीतरी आधी सांगायला हवं. दोरीला लटकणाऱ्या दांड्याच्या टोकाची तबकडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं आणि तिला ओढू द्यायचं. बसलात की दोरी सैल सुटते आणि माणूस पाठीवर. दोन्ही स्की समांतर, आधीच पडलेल्या चाकोरीत, नजर पुढे. वाटेत पडलं तर दांडा सोडायचा आणि लगेच कडेला लोळायचं, कारण मागचा माणूस त्याच चाकोरीतून येत असतो. नाशिकहून आलेल्या एक काकू तीनदा पडल्या. चौथ्यांदा माथ्यावर पोचल्या, तेव्हा लिफ्टवाल्या पोराने टाळ्या वाजवल्या.

वळणाचं तंत्र सांगायला एका वाक्याचं आहे: डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार. अंगात उतरायला अख्खी दुपार गेली. खांद्याने वळायचा प्रयत्न केला तर स्की सरळच जाते.

पाचवा दिवस: कोंगडोरी

गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ पासून कोंगडोरीपर्यंत नेतो, म्हणजे साधारण चारशे मीटर वर. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर. तिकिटं ऑनलाइन, आधीच काढून ठेवावीत. सुट्टीच्या दिवसांत ती लवकर संपतात.

दुसऱ्या टप्प्याचा विचार नवशिक्याने डोक्यातून काढून टाकावा. वर यंत्राने दाबलेले मार्ग नाहीत, उतार तीव्र आहेत. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच हिमस्खलनं सर्वाधिक होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटूंचा हिमस्खलनात जीव गेला, आणि नवशिके नव्हते ते. केबिनमधून वर जाऊन बघून परत यायला हरकत नाही. स्की मात्र खाली ठेवून जावी.

कोंगडोरीला मोकळं पठार आहे आणि त्याच्या कडेला सौम्य जागा सापडतात. फोन ठेवून मोजलं तर एके ठिकाणी आठ अंश, खाली सपाटी, बर्फ गुलमर्गपेक्षा कोरडा. अडचण गर्दीची. स्लेज, फोटो काढणारे आणि मॅगीच्या टपऱ्या एकाच पट्ट्यात. सकाळच्या पहिल्या केबिनने गेलो म्हणून तासभर शांत मिळाला, साडेअकरानंतर तिथे शिकणं धोक्याचंच.

कोंगडोरीहून झाडांमधून खाली येणारी वाट मोहात पाडते. दलाल सांगतात, "बिल्कुल आसान है, साहब." ती वाट मध्यम पातळीच्या स्कीपटूची आहे. काही ठिकाणी अरुंद होते, आणि अरुंद वाटेत पिझ्झाला जागा नसते. दोन्ही बाजूंना सलग दहा वळणं, स्की आडव्या करून कडेवर घसरत उतरणं आणि तीन-चार मीटरांत थांबणं जमत असेल तरच तिथे जावं. पाचव्या दिवशी आमच्यातल्या कोणालाही यातलं तिसरं भरवशाने जमत नव्हतं. स्की हातात घेऊन गंडोलानेच खाली आलो.

उरलेली दुपार पुन्हा आमच्या जुन्या उतारावर. साहित्य परत देताना कडा, बकल आणि ब्रेक दुकानदारासमोर दाखवून ठेवीची रक्कम लगेच घ्यावी, संध्याकाळवर ढकलू नये. पैसे रोख ठेवावेत. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी झरझर उतरते. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं.

निघताना उतारावर एक नवीन मुलगा होता, सहा-सात वर्षांचा, फळ्यांच्या स्की दोरीने पायाला बांधलेल्या. उस्तादांनी त्याला माथ्यापर्यंत नेलंच नाही. पायथ्यापासून दहा पावलं वर उभं केलं, तोंड मैदानाकडे केलं आणि सोडलं. तो सरळ गेला, सपाटीवर हळू होत थांबला, मागे वळून बघितलं आणि आडवा होऊन पुन्हा चढायला लागला. या वेळी अकरा पावलं.